आभाराचा ठराव आणि त्याच्या पुढचे काम



जिल्हा बैठकीपुढे या वेळी जे ठराव यायचे आहेत त्यांत कापसाच्या भावाचा आहे, ज्वारीचा आहे, विजेचा आहे, पीकविम्याचा आहे. ते नेहमीचेच. त्यांवर काय बोलायचे हे आपल्यापैकी कुणाला शिकवावे लागत नाही. पण यादीच्या तळाशी एक ठराव असा आहे, की तो वाचून काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भूकंप, पूर, दुष्काळ अशा संकटात मोबदला न घेता मदतकार्याला धावणाऱ्या सेवाभावी संस्थांच्या स्वयंसेवकांचे या बैठकीने आभार मानावेत, असा तो ठराव आहे.

एका कार्यकर्त्याने सरळच विचारले, "आपण आयुष्यभर 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत रस्त्यावर बसलो. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो. आता वाटप करणाऱ्यांचा सत्कार करायचा? उद्या तेच म्हणतील, भाव कशाला मागता, ब्लँकेट घ्या की!"

प्रश्न रागाने विचारलेला आहे, पण खोटा नाही. त्याला बगल देऊन ठराव मंजूर करून घेणे सोपे आहे. हात वर करायचे, टाळ्या वाजवायच्या आणि चहाला उठायचे. तसे करू नये असे वाटले, म्हणून या अंकात त्या प्रश्नाला तोंड देतो आहोत.

किल्लारीची पहाट

चाळिशी ओलांडलेल्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावे अर्ध्या-पाऊण मिनिटात जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजारांच्या घरात माणसे गेली. पुढे बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली.

भूकंपाचा धक्का सहा रिश्टरच्या थोडा वर होता. एवढ्या धक्क्यात इतकी माणसे का मेली? कारण घरांनी मारली. जाडजूड, दगड आणि चिखलाच्या भिंती. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा आणि दोहोंना बांधून ठेवणारा आडवा दगड कुठेच नाही. वर माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दर साली त्यावर मातीचा नवा थर पडत गेलेला. बापाने टाकलेल्या मातीवर लेकाची, लेकाच्या मातीवर नातवाची. ज्या छपराने तीन पिढ्यांना ऊन-पावसापासून राखले तेच त्या पहाटे अंगावर आले.

अशा वेळी पहिला मदतीला कोण येतो? जगातल्या कुठल्याही भूकंपाचा अनुभव एकच आहे. जिवंत निघालेल्या माणसांतली बहुतेक माणसे पहिल्या काही तासांत निघतात आणि त्यांना काढणारे शेजारीपाजारी असतात. हातात पहार, टिकाव, नाही तर नुसती बोटे. किल्लारीतही हेच घडले. ज्यांचे घर उभे राहिले त्यांनी ज्यांचे पडले त्यांना उपसले. मग शेजारच्या गावांतली माणसे आली. मग सरकारी यंत्रणा आणि लष्कर आले. आणि त्यांच्या मागोमाग गावोगावचे, शहरोशहरचे स्वयंसेवक आले.

त्यांनी काय केले?

स्वयंसेवकाचे काम म्हटले की डोळ्यांपुढे ट्रकवरून पाकिटे फेकणारा माणूस येतो. ते काम सर्वांत सोपे, म्हणून फोटो त्याचाच निघतो. खरे काम दिसत नाही.

ढिगाऱ्याखाली सापडलेल्या देहांना बाहेर काढून अंत्यविधी करायचा होता. एकेका चितेवर एकच माणूस ठेवायला ना वेळ होता, ना लाकूड. त्यात पावसाने चिखल झालेला. देह कुजू लागले होते. रक्ताचे नाते असलेली माणसे जिथे उभी राहू शकत नव्हती तिथे तोंडाला फडके बांधून अनोळखी पोरे उभी राहिली. त्यांना कुणी नेमले नव्हते, पगार नव्हता, आणि त्या कामाचे वर्णन घरी जाऊन आईला करता येण्यासारखे नव्हते.

पिण्याच्या पाण्यात औषध टाकणे हे दुसरे काम. मेलेल्या माणसांमुळे साथ येते ही समजूत पुष्कळशी चुकीची आहे. साथ येते ती घाण पाण्याने आणि उघड्यावरच्या वस्तीने. म्हणून विहिरीत, टाकीत क्लोरीन मोजून टाकायचे, रोज टाकायचे आणि लोकांना ते पाणी प्यायला लावायचे. त्याला वास येतो म्हणून बाया ते ओतून देतात. त्यांना दहादा समजवायचे. याचा फोटो कुणी काढीत नाही. पण साथ आली नाही, तर ती न येण्यात या कामाचा वाटा मोठा असतो.

तिसरे काम याद्यांचे. कोण गेले, कोण दवाखान्यात आहे, कुणाचे मूल कुणाकडे आहे. सोलापूर-लातूरच्या दवाखान्यांत जखमी नेलेले, नातेवाईक इकडे रानात बसलेले, एकमेकांचा पत्ता नाही. वही-पेन्सिल घेऊन पालापालांतून हिंडणाऱ्या माणसाने आई आणि लेकराची गाठ घालून दिली, तर त्याची किंमत कुठल्या ब्लँकेटात मोजायची?

आणि चौथे काम म्हणजे महिन्यांनंतरचे. आठ दिवसांत वर्तमानपत्रांची पहिली पाने बदलली. मंत्र्यांच्या गाड्या कमी झाल्या. पोरकी झालेली मुले मात्र पोरकीच राहिली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी अशा सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. वाघोलीला त्यासाठी संकुल उभे राहिले. मूल शिकून पायावर उभे राहायला दहा-बारा वर्षे लागतात. तितकी वर्षे सोबत करणे याला मदतकार्य म्हणायचे. चार दिवसांच्या गर्दीला ते नाव शोभत नाही.

ही भीक आहे काय?

आता कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येऊ.

भीक कशाला म्हणायचे? ज्याने तुमचा वाटा काढून घेतला तोच त्यातला तुकडा परत टाकतो आणि तुम्ही वाकून घ्यावा अशी अपेक्षा करतो, तेव्हा ती भीक असते. निर्यातबंदी करून भाव पाडायचा, आणि मग निवडणुकीच्या तोंडावर चार पैशांची सूट जाहीर करायची, ही भीक. तिला आपण नाही म्हणालो आणि पुढेही नाहीच म्हणू.

पण जो पोरगा सास्तूरला दगड उचलायला आला त्याने आपल्या कापसाचा भाव पाडला नव्हता. ज्या परिचारिकेने रजा टाकून जखमा धुतल्या तिने आपल्या दारात वसुलीची जीप पाठवली नव्हती. आपण 'इंडिया' आणि 'भारत' असा हिशेब मांडतो, तो धोरणाचा हिशेब आहे. तो माणसामाणसांतल्या वैराचा कधीच नव्हता. शहरातून आलेल्या स्वयंसेवकाला 'इंडिया'चा माणूस म्हणून दाराबाहेर ठेवले, तर आपली मांडणी आपल्यालाच समजली नाही असे होईल. त्याने दया दाखवली म्हणून आभार मानायचे नाहीत. त्याने कामे सोडून, जोखीम घेऊन, अंगमेहनत केली. घामाचे मोल मागणारी चळवळ दुसऱ्याच्या घामाला ओळख देणार नाही, तर कोण देणार?

मात्र याच्या दुसऱ्या बाजूला एक खड्डा आहे, आणि तो कार्यकर्त्याने बरोबर हेरला आहे. स्वयंसेवक आले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून आपल्यात आहेत. रेशनवर तांबडी मिलो मिळत होती. दुष्काळी कामावर सुकडी वाटली जात होती. त्या सुकडीने पुष्कळ लेकरे जगली, हे विसरू नये. पण माणसे उभी राहिली ती खडी फोडून, नालाबांध घालून, हजेरीपटावर अंगठा उठवून मिळालेल्या मजुरीवर. त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. सुकडी ही मदत होती, मजुरी हा हक्क होता. दोन्ही लागल्या, पण एकीच्या जागी दुसरी चालली नसती.

आजही तेच. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. पंचनामा वेळेवर होणे, नुकसानभरपाई मिळणे, बंधारा फुटण्याआधी गावाला कळणे, हे त्यांच्याकडून मागायचे. ते स्वयंसेवकाकडून मागायचे नाही, आणि स्वयंसेवक दिसला म्हणून मागायचे सोडायचेही नाही. हातात पडलेले ब्लँकेट अंगावर घ्यावे आणि भरपाईचा अर्जही करावा. एकाने दुसरे रद्द होत नाही.

मदत कधी मदत राहत नाही

आभार मानायचे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. मदतीच्या नावाने जे जे येते ते सगळे उपकाराचे नसते. मोठ्या आपत्तीनंतर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले आपण पाहिले आहेत. फाटके, मळके, आपल्या हवेला आणि आपल्या अंगाला न चालणारे. नऊवारी नेसणाऱ्या म्हातारीने त्यातले काय घ्यायचे? घरातली अडगळ काढून दिली की मन हलके होते, पण ती अडगळ उचलायला पुन्हा स्वयंसेवकांचेच दोन दिवस जातात.

डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावात पाच ट्रक रिकामे होतात आणि दोन कोस आत असलेल्या वाडीवर एकही जात नाही, हे दुसरे. गावातही ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात माल उतरतो. गावकुसाबाहेरची वस्ती, पारध्यांची पाले, विधवा, दुसऱ्याच्या रानात राहणारा सालगडी यांच्यापर्यंत पोहोचता पोहोचता पोते रिकामे झालेले असते. हे पाप बाहेरच्याचे कमी आणि आपले जास्त. ट्रकवाल्याला गाव माहीत नसते, ते आपल्याला माहीत असते.

आणि तिसरे, फोटो. एका बिस्किटाच्या पुड्यावर पाच हात आणि मागे फलक. घेणाऱ्याची मान खाली आणि देणाऱ्याची कॅमेऱ्याकडे.

मुरलेला स्वयंसेवक इथे ओळखू येतो. तो आधी विचारतो आणि मग आणतो. वाडीवर आधी जातो, चावडीवर नंतर. तो कुणाची जात, पक्ष किंवा बिल्ला पाहत नाही. गरज पाहतो. हा नियम काही आजचा नाही. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो इथे मोठी लढाई झाली. हजारो जखमी जवळच्या कास्तिल्योने गावात आणून टाकले होते. आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामाने तिकडे गेला होता. तो काम विसरून जखमा धुवायला बसला. त्याच्या बरोबरीने त्या गावच्या बायाबापड्या होत्या. हा आपला, हा शत्रूचा असा भेद न करता त्यांनी सगळ्यांना पाणी पाजले. त्यातूनच पुढे रेड क्रॉस उभी राहिली. आपल्या देशात तिची संस्था १९२० पासून आहे. द्युनांला १९०१ चे पहिले शांततेचे नोबेल मिळाले. त्या बायांना काही मिळाले नाही. पण संस्था कितीही मोठी झाली, तरी तिच्या मुळाशी एका गावातल्या बायांनी भरलेले पाण्याचे तांबे आहेत, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावे.

घेणारा हात देणारा होतो तेव्हा

किल्लारीच्या गोष्टीचा पुढचा भाग फार कमी जणांना माहीत आहे, आणि आमच्या मते या ठरावाचे खरे कारण तोच आहे.

ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, पण तडकली होती, अशा हजारावर गावांत दुरुस्ती आणि मजबुतीचे काम निघाले. सरकारी पैसा आला, इंजिनियर आले. पण घरमालकाला कोण समजावणार की भिंतीत आडवा दगड घाल, माळवदाची माती कमी कर, कोपरे बांधून घे? त्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्याच बायांना उभे केले. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. कालपर्यंत ज्या चावडीपुढून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत होत्या, त्या इंजिनियरशी सिमेंटच्या हिशेबावर बोलू लागल्या. कुणाचा हप्ता अडला, कुणाची भिंत नीट झाली नाही, हे त्या विचारू लागल्या.

मग २६ जानेवारी २००१ आला. कच्छला भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार उद्ध्वस्त झाले. तेव्हा लातूर-धाराशिवच्या या बाया कच्छला गेल्या. तिथल्या बायांची भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण पडक्या घरापुढे बसलेल्या बाईजवळ जाऊन "आमचेही असेच झाले होते, आणि आम्ही पुन्हा घर बांधले," असे म्हणायचा हक्क जगात त्यांच्याइतका कुणाला होता? सरकारी योजनेत नाव कसे घालायचे, भिंत कशी बांधायची, कुठे अडवतात आणि तिथे काय बोलायचे, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले. पुढे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही ही ओळ पोहोचली. महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या बाया तिथल्या कोळी बायांना भेटायला गेल्या. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशा कोरडवाहू गावच्या बायांनी समुद्राने लुटलेल्यांना धीर दिला.

शेतकरी भावांनो, भीक आणि मदत यांतला फरक इथे दिसतो. भीक घेणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभा असतो. मदत घेणारा उभा राहतो आणि दुसऱ्याच्या दारात मदत घेऊन जातो. किल्लारीला आलेल्या स्वयंसेवकांचे ऋण या बायांनी शाल-नारळाने फेडले नाही. त्यांनी ते कच्छमध्ये फेडले. आपल्याकडे दुष्काळात उसने घेतलेले बियाणे सुगी आल्यावर शिगोशीग मापून परत करायची रीत होती. ही तीच रीत आहे. फक्त परत करायचे माप ज्याच्याकडून घेतले त्याच्या घरी जाईलच असे नाही. ज्याला आज गरज आहे त्याच्या घरी ते जाते.

आपल्याकडे ट्रक न येणारी संकटे

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीनेच्या काठची गावे पाण्यात गेली. उभे सोयाबीन आणि कापूस गेले, गोठ्यात बांधलेली जनावरे गेली, काही ठिकाणी तर मातीच खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. ज्या रानात आपण एका पावसाची वाट पाहत आभाळाकडे बघतो, तिथे माणसांना छतावरून उचलावे लागले. तेव्हाही बाहेरून माणसे आली. कुणी शिधा आणला, कुणी जनावरांना चारा आणला, कुणी चिखल भरलेली घरे धुऊन दिली. हे ताजे आहे. ठराव करताना ते डोळ्यांपुढे असावे.

पण आपल्या कोरडवाहू मुलखात बहुतेक संकटे आवाज न करता येतात. त्यांची बातमी होत नाही आणि त्यांच्यासाठी ट्रक निघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले. फवारणी करणारा रानात चक्कर येऊन पडतो तेव्हा तिथे कुठली संस्था असणार? बांधावरचा माणूस असतो. त्याला जर माहीत असेल, की भिजलेले कपडे आधी उतरवायचे, अंग साबणपाण्याने धुवायचे, औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घ्यायची आणि वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, तर एक जीव वाचतो. साप चावला तर मांत्रिकाकडे न नेता, करकचून न बांधता, चावलेला हात-पाय न हलवता, लस असलेल्या दवाखान्यात नेणे, हे माहीत असेल तर आणखी एक जीव वाचतो. या मदतकार्याला फलक लागत नाही. लागतो तो शिकलेला शेजारी.

आणि सर्वांत मुके संकट कर्जाचे. ज्या घरातला माणूस गळ्याला फास लावून गेला त्या घरात तेराव्यानंतर कुणी जात नाही. तिथे नियमाने जाणारे, मुलांच्या शाळेची चौकशी करणारे, विधवेच्या नावावर सातबारा चढवायला तलाठ्याकडे खेटे घालणारे स्वयंसेवक आहेत. त्यांची नावे कुणाला ठाऊक नसतात. ठराव त्यांच्यासाठीही आहे. अशा घरात पहिल्यांदा जायचे काम मात्र आपल्या कार्यकर्त्याचे आहे. चळवळीचा माणूस सभेला बोलवायला येतो आणि दुःखाला येत नाही, असे कुणी म्हणू नये.

म्हणून ठरावाबरोबर एवढे करा

नुसता आभाराचा ठराव कागदावर राहतो. बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या गोष्टींवर घरी बोलून यावे.

एक. गावातल्या दहा जणांची नावे लिहून आणा. त्यांत निदान चार बाया असाव्यात. ट्रॅक्टर कुणाकडे आहे, जाड दोर कुणाकडे आहे, पोहता कुणाला येते, सुईण किंवा आशाताई कोण, जीप कुणाची, हे त्यासोबत लिहा. संकट आल्यावर ही माहिती गोळा करायला वेळ नसतो.

दोन. या दहा जणांनी प्रथमोपचार शिकून घ्यावा. रेड क्रॉसची शाखा जिथे आहे तिथे चौकशी करावी, नसेल तिथे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती करावी. दोन दिवस जातील. सभेला जातात तसेच जातील.

तीन. गावाची रक्तगटाची यादी करा. बाळंतिणीला रक्त लागते तेव्हा तालुक्याच्या गावाला जाऊन कुणाच्या पाया पडायची वेळ येऊ नये.

चार. वाटपाचा नियम आजच ठरवा. जे येईल त्याची यादी चावडीवर मोठ्याने वाचली जाईल. पहिला मान ज्याचे सगळे गेले त्याचा, मग त्याची जात कोणतीही असो, रेशनकार्ड असो वा नसो. आपल्या कार्यकर्त्याचे घर सर्वांत शेवटी. हा शेवटचा नियम मोडला तर बाकीचे सगळे नियम वाया गेले असे समजा.

पाच. बाहेरून स्वयंसेवक आले तर त्यांना वाटाड्या द्या, निजायला कोरडी जागा द्या, मुली असतील तर त्यांच्या न्हाणीची आणि शौचाची सोय आधी करा. पिठलं-भाकरी चालते, मेजवानी नको. त्यांची गाडी अडवून ओरबाडू नका. आणि त्यांनी फोटो काढायला मान वर करायला सांगितली, तर नम्रपणे नाही म्हणा. तो आपला हक्क आहे.

सहा. दुसऱ्या जिल्ह्यावर संकट आले तर आपणही जायचे. पैसे नसतील तर पायलीभर ज्वारी, तीही नसेल तर दोन हात. आपल्या मुलखातले माणूस दुसऱ्याच्या गावात दगड उचलताना दिसले, की 'शेतकरी फक्त मागतो' असे म्हणणाऱ्यांना वेगळे उत्तर द्यावे लागत नाही.

ज्या कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारला त्याचे आम्ही आभारी आहोत. त्याने विचारले नसते तर ठराव टाळ्यांत मंजूर होऊन वहीत पडला असता. त्याला आमचे उत्तर एवढेच: घामाचे दाम मागायचे ते सरकारकडे आणि बाजाराकडे, आणि ते शेवटपर्यंत मागायचे. पण काळोखात, चिखलात, पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर जो परका माणूस आपल्यासाठी वाकला, त्याच्यापुढे आपली मान थोडी वाकली तर तिने ताठ कणा मोडत नाही.

बैठकीत ठराव वाचला जाईल तेव्हा हात वर करा. मात्र त्याच वेळी दुसऱ्या हातात गावच्या दहा जणांची यादी असू द्या, आणि उठण्यापूर्वी ती मंचावरच्या टेबलावर आणून ठेवा. ज्या गावाची यादी आली नाही त्या गावाने ठरावाला मत दिले असे आम्ही धरणार नाही.